साधकाची ताटी

देवाच्या दारी येणारा मनुष्य बहुधा सुख मागण्यासाठी येतो, हे आपण सहज समजू शकतो. परंतु जो ही मागणी बाजूस ठेवून ध्यानाला बसतो, नामजप धरतो, प्राणायामाचा अभ्यास करतो, त्याच्या वाट्याला कधी कधी पूर्वी नव्हते असे दुःख येते, हे मात्र आपणांस चटकन पटत नाही. पहाटे आसनावर बसलेला गृहस्थ कारणावाचून रडू लागतो. वर्षानुवर्षे विसरलेला अपमान काल घडल्यासारखा टोचू लागतो. छातीत धडकी भरते, झोप उडते, घरच्या माणसांचा आवाजही सोसवत नाही. शांतीसाठी धरलेल्या वाटेवर अशांती का भेटावी, आणि ती भेटली असता साधकाचे व त्याच्या भोवतालच्या समाजाचे कर्तव्य काय, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्या शास्त्रकारांस ही गोष्ट अपरिचित नव्हती. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्ताला विक्षिप्त करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे, भ्रांतिदर्शन आहे, आणि मिळालेली भूमिका न टिकणे हेही आहे. या अंतरायांबरोबर येणारे सोबतीही त्यांनी सांगितले: दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता. दौर्मनस्य म्हणजे इच्छेला धक्का बसल्याने मनाला येणारा क्षोभ. आज ज्याला आपण उदासी, चिडचिड किंवा घालमेल म्हणतो, त्याला सूत्रकारांनी साधनेच्या चर्चेत असे स्पष्ट स्थान दिले आहे. त्यांनी याला पाप म्हटले नाही, आणि सिद्धीही म्हटले नाही. वाटेवर धोंडा असतो तसा हा अडथळा आहे, इतकेच त्यांचे म्हणणे. धोंड्याला कोणी शिव्या देत नाही आणि शेंदूर लावण्याचेही कारण नसते. तो पाहून पाऊल टाकावे लागते.

हठयोगाचे आचार्यही या बाबतीत तितकेच सावध होते. स्वात्मारामांनी हठयोगप्रदीपिकेत म्हटले आहे की, योग्य रीतीने केलेला प्राणायाम रोग घालवितो, आणि अयोग्य रीतीने केलेला तोच प्राणायाम रोग उत्पन्न करतो. सिंह, हत्ती, वाघ यांना जसे हळूहळू वश करावे लागते, तसेच प्राणालाही, असा दृष्टांत त्यांनी दिला. घाई करणाऱ्याचा घात होतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

मराठी वाचकांस कुंडलिनीची ओळख ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाने करून दिली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या या ग्रंथात जागी झालेली शक्ती भुकेल्यासारखी देहातील धातूंचा घास घेते, असे वर्णन आले आहे. ते काव्य म्हणून रमणीय आहे. परंतु ते सुखासीनाच्या करमणुकीचे वर्णन नव्हे. पुढे बाराव्या अध्यायात निर्गुणाच्या वाटेवरील योग्यांचे क्लेश सांगून ज्ञानेश्वरांनी भक्तीची वाट त्याहून सुलभ ठरविली, हेही विसरता येत नाही. नाथपंथाचा हा वारसा आपल्या प्रदेशालाही परका नाही. बांद्याचे सोहिरोबानाथ अंबिये यांनी तो अठराव्या शतकात कोकणातून थेट उज्जैनपर्यंत नेला.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून विसाव्या शतकातील एक उदाहरण घेऊ. काश्मीरचे पंडित गोपी कृष्ण (१९०३–१९८४) हे सरकारी कचेरीत काम करणारे गृहस्थ होते. अनेक वर्षे ते नित्यनेमाने पहाटे ध्यान करीत असत. १९३७ च्या डिसेंबरात जम्मू येथे ध्यानाला बसले असता पाठीच्या कण्यातून तेजाचा लोट मस्तकापर्यंत चढल्याचा अनुभव त्यांना आला. त्यानंतर आनंद आला असता तर कथा तेथेच संपली असती. प्रत्यक्षात अंगाचा दाह, निद्रानाश, अन्नावरील वासना उडणे आणि भीती, असा काळ त्यांच्यापुढे उभा राहिला. ज्या पत्नीवर व मुलांवर त्यांचा जीव होता, त्यांच्याविषयीचा जिव्हाळाच आटून गेल्यासारखे त्यांना वाटू लागले. त्यांना मार्गदर्शक गुरू नव्हता. पुढे ज्यांना विचारले त्यांच्यापाशीही उत्तर सापडले नाही. शक्ती सुषुम्नेऐवजी पिंगलेतून चढली असावी, असा अर्थ त्यांनी स्वतःच लावला. वेळेवर थोडेथोडे अन्न घेत राहण्याने त्यांना मोठा आधार मिळाला. हा सर्व वृत्तांत त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात लिहिला. त्यांच्या पुढील सर्व सिद्धान्तांना मान डोलावण्याची आवश्यकता नाही. परंतु आपली दुर्दशा न लपविता लिहून ठेवणारा साधक म्हणून आम्हास त्यांचे मोल वाटते.

आता समाजाकडे वळू. अशा प्रसंगी आपल्या हातून दोन प्रकारचे अपराध घडतात. एक, साधकाच्या रडण्याला, कापण्याला, विचित्र बोलण्याला आपण तत्काळ साक्षात्कार ठरवितो. भजनी सप्ताहात कोणी भान हरपून पडला तर चार माणसे त्याच्या पाया पडतात. त्या माणसाने तीन दिवस काही खाल्ले आहे काय, हे कोणी विचारीत नाही. दुसरा अपराध याच्या उलट. एखादी सून किंवा एखादा तरुण, ‘जपाला बसले की मला भीती वाटते’ असे धीर करून सांगतो, तेव्हा आपण म्हणतो, ‘तुझी श्रद्धा कमी पडते’, ‘पूर्वजन्मीचे पाप असेल’, ‘मन घट्ट कर’. पहिल्या प्रकारात दुःखाला देव्हाऱ्यात बसविले जाते, दुसऱ्यात त्याला दाराबाहेर उभे केले जाते. दोन्हीकडे दुःखी माणूस मात्र एकटाच राहतो.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो वजनदार आहे. साधनेतील अनुभव गुप्त ठेवावा, तो चारचौघांत बोलू नये, अशी सर्व संप्रदायांची शिकवण आहे. मग साधकाने आपली अंतरीची स्थिती उघडी करावी, हे कसे? आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होते. अनुभव गुप्त ठेवण्यास सांगितले ते अहंकाराच्या भयाने. प्रकाश दिसला, नाद ऐकला, असे सांगणाऱ्याभोवती मंडळी जमते, आणि सांगणाराही हळूहळू त्या मंडळीसाठी अनुभव घेऊ लागतो. दुःख सांगण्याने मात्र अहंकार वाढत नाही; बहुधा तो मोडतोच. ‘मला सोसवत नाही’ हे वाक्य उच्चारताना ज्याची मान खाली जात नाही असा मनुष्य विरळा. म्हणून अनुभव गुप्त ठेवावा, पण दुःख गुप्त ठेवू नये. गुप्ततेचा जो नियम प्रसादासाठी केला, तो जखमेला लावणे हा नियमाचा दुरुपयोग होय.

आपले श्रेष्ठ साधक या बाबतीत कसे वागले, ते पाहावे. गीतेच्या पहिल्या अध्यायाला विषादयोग असे नाव आहे. त्यात अर्जुन आपले गात्र कसे गळते, तोंड कसे सुकते, अंगाची आग कशी होते, हे दोन सैन्यांच्या मध्ये उभा राहून श्रीकृष्णांस सांगतो. त्याने ते ओठांआड ठेवले असते, तर पुढील सतरा अध्यायांना कारणच उरले नसते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी व मुलगा गेला. पुढे त्यांनी देवाशी केलेले भांडण, स्वतःविषयीची खंत, निराशा, हे सर्व त्यांच्या गाथेत आहे. भक्तांनी ते अभंग लाजेने गाळले नाहीत; आजही मृदंगाच्या साथीने गातात. समर्थांच्या करुणाष्टकांतही पश्चात्तापाची कळ आहे, आणि तीच करुणाष्टके आपण लहान मुलांकडून पाठ करून घेतो.

परंतु या प्रश्नावर सर्वांत मार्मिक उत्तर आम्हास ताटीच्या कथेत सापडते. परंपरा अशी सांगते की, लोकांच्या अवहेलनेने ज्ञानदेवांचे मन एकदा इतके दुखावले की त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली. बाहेर त्यांची धाकटी बहीण मुक्ताई उभी राहिली, आणि तिने ताटीचे अभंग म्हटले. योगाचा अधिकारी म्हणून ज्यांचे नाव घ्यावे तेच आत रुसून, दुखावून बसले आहेत, ही गोष्ट वारकऱ्यांनी लपवून ठेवली नाही. ज्ञान झाले म्हणून मन दुखतच नाही, असा भ्रम त्यांनी बाळगला नाही, हा या कथेचा पहिला धडा.

दुसरा धडा बाहेर उभ्या असलेल्या मुक्ताईचा. तिने दादाची पूजा मांडली नाही आणि ताटी मोडून आत शिरलीही नाही. ती दाराशी थांबली, प्रेमाने बोलली, त्याला त्याच्याच मोठेपणाची आठवण दिली. दार मात्र त्याने उघडायचे होते. साधक आणि समाज यांचे कर्तव्य या चित्रात पुरते आले आहे. आतल्याने ताटी कायमची लावून घेऊ नये, आणि बाहेरच्याने ती ठोठावण्यास कमीपणा मानू नये. दुःखाच्या वेळी दार लावून घेण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय? घटकाभर आहे, असे आम्ही म्हणू. परंतु ज्या घराने आपणांस वाढविले, ज्या देवळाच्या मंडपात आपण नाम शिकलो, त्यांचाही आपल्यावर अधिकार आहे. ज्या वैराग्याने तो नाकारला, त्याला वैराग्य म्हणण्यापूर्वी पुनः एकदा तपासावे.

पतंजलींनी विक्षेपावर सांगितलेले उपाय पाहिले, तरी हेच दिसते. एका तत्त्वाचा अभ्यास सांगून झाल्यावर ते लगेच सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्याविषयी उपेक्षा सांगतात. चित्त प्रसन्न व्हावे म्हणून सांगितलेल्या या चारही गोष्टी दुसऱ्या माणसांशी वागण्याच्या आहेत. म्हणून साधना नीट चालली आहे काय, याची परीक्षा डोळे मिटल्यावर काय दिसते यावर करू नये. डोळे उघडल्यावर घरच्यांशी कसे वागतो यावर करावी.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट, आणि तीत संकोच नको. मनाची खळबळ साधनेची की व्याधीची, हे दरवेळी ओळखता येतेच असे नाही. २०१७ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी बौद्ध पद्धतीने ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही भीती, निद्रानाश, आपोआप होणारी अंगाची हालचाल, अशा तक्रारी नोंदलेल्या आहेत. म्हणजे ही गोष्ट एका देशाची वा एका पंथाची नव्हे. झोप अनेक रात्री गेली, अन्न सुटले, नित्याचे काम होईना, नसलेले आवाज आज्ञा देऊ लागले, किंवा जीव नकोसा झाला, तर अभ्यास थांबवावा, अनुभवी वडीलधाऱ्यांस सांगावे आणि वैद्याकडे जावे. यात श्रद्धेची हानी नाही. चरकसंहितेने दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी तीन प्रकारची चिकित्सा सांगितली आहे. पूजा, औषध आणि मनाला वळण, ही तिन्ही एकाच शास्त्रात शेजारी बसतात. मग आपणच त्यांच्यात भांडण का लावावे? भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक देवळाच्या सूचनाफलकावर लिहिला, तर देवाचा अपमान होणार नाही.

साखळीच्या दत्तमंदिरात आणि गाणगापुरास मनाने व्याकुळ झालेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आणली जातात. अशा माणसाला कोठे न्यावे, असा प्रश्न पडला तेव्हा आपल्या पूर्वजांना देऊळ आठवले. त्या स्थानी त्याला हाकलले जाणार नाही, एवढा भरवसा त्यांना होता. हा भरवसा जपणे महाजनांचे, पुरोहितांचे आणि आरतीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे. आपल्या शेजारी टाळ वाजवणारा मनुष्य चार दिवस दिसला नाही, तर पाचव्या दिवशी त्याच्या घरी जाऊन हाक मारावी. त्याने दार उघडलेच तर उपदेश करू नये. आधी त्याचे ऐकावे, आणि तो जेवला नसेल तर त्याच्याबरोबर दोन घास घ्यावे.