पारणे नसलेला उपवास

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ऐकली की आपल्या घरांतून हशा पिकतो. व्रत घेतले एक आणि आचरले भलतेच, असा तिचा रोख आहे. परंतु या थट्टेच्या पोटात दंभाहून निराळे असे एक सत्य दडले आहे. ते ध्यानी न आल्यामुळे कित्येक शहाणीसुरती माणसे स्वतःच्याच ताटाशी वैर धरून बसली आहेत, असे आम्हांस वाटते. या वैऱ्यांत आम्हीही होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे डोळे उघडले ते मुक्ताईनगरास. पूर्वीचे एदलाबाद ते हेच. महाशिवरात्रीच्या सुमारास येथे संत मुक्ताबाईची यात्रा भरते. त्या दिवसांत द्वादशीच्या सकाळी उपवास सोडणाऱ्या एका पंगतीस आम्ही बसलो होतो. भोवतालचे वारकरी हसतबोलत जेवत होते आणि तृप्ती झाली तसे पाणी पिऊन उठत होते. आम्ही मात्र वजन उतरविण्याच्या नादात होतो. पोळी वर्ज्य, गोड वर्ज्य, आणि केळीच्या बागांच्या त्या मुलखात केळेही वर्ज्य! दोन घास चिवडून आम्ही हात धुतले आणि मनातल्या मनात आपल्या निग्रहाची पाठ थोपटली. त्याच रात्री यजमानांचे घर निजल्यावर स्वयंपाकघराचे दार लोटून आम्ही लाडू, शेव, उरलेल्या पोळ्या, जे हाती लागेल ते, उभ्याउभ्याने, चव न घेता, पोट दुखेपर्यंत खाल्ले. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून कडकडीत लंघन केले, आणि तिसऱ्या रात्री पुन्हा तेच! असे हे रहाटगाडगे आम्ही कित्येक वर्षे ओढले.

आता प्रश्न असा की, हा दोष नीतीचा आहे काय? सामान्य उत्तर ठरलेले आहे. माणूस जिभेचा गुलाम, मन दुबळे. उपाय एकच, निग्रह अधिक कडक करावा. आम्हीही स्वतःस हाच न्याय लावीत होतो. पण कडक निग्रहानेच जर रोग वाढत असेल तर?

या बाबतीत एक प्रयोग विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे नेहमीच्या सुमारे निम्मे अन्न दिले. हे तरुण कोण? सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले आणि इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून स्वेच्छेने उपाशी राहिलेले. त्यांच्या मनोबलाविषयी शंका घेण्याचे धाडस कोण करील? तरीही त्यांचे चित्त अन्नावाचून दुसरीकडे लागेना. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, स्वप्नेही जेवणाचीच पाहू लागले. निर्बंध उठल्यावर त्यांतील कित्येकजण पोट तडस लागेतो खात, तरी भूक शमली असे त्यांना वाटेना. जी हाव आम्ही आपल्या शीलाचा कलंक समजत होतो, ती मुख्यतः उपासमारीची संतती आहे, हे येथे स्पष्ट दिसते. पुढे 1979 साली लंडनमध्ये जेरल्ड रसेल यांनी अतिभक्षण आणि त्यानंतरची भरपाई यांच्या या चक्राचे वैद्यकीय वर्णन केले. आज वैद्यकशास्त्र त्यास आजार मानते, दुर्गुण नव्हे.

मग त्या पंगतीतील वारकऱ्यांचे काय? उपवास तर त्यांनीही केला होता! भेद आहे तो येथेच. एकादशीच्या मागोमाग द्वादशी येते, आणि पारणे हा व्रताचा भंग नसून व्रताचेच अंग आहे. ठरल्या वेळी अन्न न घेणे हाच तेथे दोष. भागवतातील अंबरीष राजाने दुर्वासांचा कोप होईल हे जाणूनही पारण्याची वेळ टळू नये म्हणून पाणी प्राशन केले, ते याचसाठी. आम्ही धरलेल्या उपवासास मात्र द्वादशीच नव्हती. त्यात खाण्याची आज्ञा कधीच मिळावयाची नव्हती. म्हणून खाणे नेहमी चोरीचेच झाले. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, असे सांगितले आहे. आपण त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा मुलांना ऐकवितो.

मुक्ताईच्या मांड्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. विसोबाने गावात खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ तापविली आणि धाकट्या बहिणीने तीवर मांडे भाजले. इच्छा कशी मारावी, यावर तेथे प्रवचन झाले नाही. भुकेचा जो अग्नी, तोच चूल झाला. आम्ही मात्र स्वतःच स्वतःचे विसोबा होऊन खापर दडवीत होतो.

यातून बाहेर पडण्याची वाट दिसावयास साधी, चालावयास कठीण. आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिली आज्ञा केली ती खाण्याची! दिवसातून तीन वेळा जेवण-न्याहारी, मध्ये थोडे खाणे, वेळ चुकवावयाची नाही. आणि रात्री तोल गेला तरी दुसऱ्या सकाळची न्याहारी सोडावयाची नाही. ही शेवटची अट आम्हांस लंघनाहून अवघड गेली, कारण तीत स्वतःस शिक्षा न करण्याचा निग्रह होता. मधुमेहासारख्या व्याधीत वैद्याने सांगितलेले पथ्य ही गोष्ट वेगळी. तेही त्याच्याच सल्ल्याने पाळावे.

यावर कोणी म्हणेल, ही तर खादाडपणास मोकळीक झाली! आमचा अनुभव उलट आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच मुलखातील एका शेतावर पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी पुढे आली. आम्ही पोटभर जेवलो आणि थांबलो. थांबता आले, कारण उद्याही जेवावयाचे आहे याची खात्री होती. संयम उपासमारीतून येत नाही, विश्वासातून येतो. शरीर हे आपल्या आश्रयास असलेले माणूस आहे. त्यास वेळेवर वाढणे हे आपले कर्तव्य आहे, त्यावर उपकार नव्हे.

गृहस्थाश्रमी वाचकांस एकच विनंती आहे. ‘किती सुटलीस!’, ‘आता जरा कमी वाढून घे’ असली वाक्ये मुलीसुनांच्या पानावर वाढू नका. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी दार लावून घेतले, तेव्हा मुक्ताईने त्यांना दटावले नाही. ताटी उघडा म्हणून विनविले. आपल्या घरात कोणी रात्री स्वयंपाकघराचे दार लोटून घेत असेल, तर त्यास उपदेश नको. सकाळी त्याचे पान आपल्या शेजारी मांडावे.