अभावाचे अधिकरण

एखादा पक्षी अमुक ठिकाणी दिसला, हे सांगण्यास एक जागा, एक तारीख आणि एक विश्वासू साक्षीदार एवढी सामग्री पुरते. परंतु तो अमुक मुलखात नाही, असे म्हणावयाचे झाल्यास त्या मुलखाची सरहद्द आधी कायम असावी लागते. नैयायिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले आणि ज्याचा अभाव तो प्रतियोगी व जेथे अभाव ते अधिकरण, या दोहोंवाचून अभावाचे ज्ञान संभवत नाही असे प्रतिपादिले. जिल्ह्यांच्या फेररचनेने पक्ष्यांच्या नोंदींचे काय होते, हा प्रश्न माझ्या मते त्याच प्रतिपादनाच्या पोटातला आहे.

दक्षिण कोकणचेच पाहा. मुलकी खात्यातील व्हिडाल यांनी १८८० साली या प्रांतातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते आणि शेजारची सावंतवाडी हे निराळे संस्थान होते; स्वातंत्र्यानंतर ते संस्थान रत्नागिरीत विलीन झाले, आणि १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण करण्यात आला. म्हणजे 'रत्नागिरी' या एकाच नावाखाली जुन्या दप्तरांत तीन निरनिराळे मुलूख नांदत आहेत. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटावर, गुहेच्या काळोखात, पाकोळ्या आपल्या लाळेने बांधलेली वाटीएवढी घरटी ओलसर कातळाला चिकटवितात. त्यांनी गुहा सोडली नाही. तरी १९८१ नंतर केवळ जिल्ह्याचे नाव पाहून याद्या ताडणाऱ्यास रत्नागिरीतील ही वसाहत नष्ट झाली असा भास व्हावा, आणि उद्या ती घरटी चोरणाऱ्यांनी खरोखरच नष्ट केली, तर त्या खऱ्या अभावास या खोट्या अभावापासून वेगळे कसे ओळखावे?

इंग्लंडात हे संकट फार पूर्वी ओळखले गेले. वॉटसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ साली ब्रिटनचे ११२ उपपरगणे आखले, आणि सरकारी परगण्यांत पुढे कितीही उलथापालथ झाली तरी निसर्गाच्या नोंदींसाठी ते जसेच्या तसे वापरण्याची परंपरा आजतागायत टिकली आहे. क्लीव्हलंड हा परगणा तर १९७४ साली निर्माण होऊन १९९६ साली मोडला, तथापि टीस नदीच्या मुखाकडील पक्षिनिरीक्षक मंडळ आपली गणना अद्याप त्याच हद्दीत करते.

वॉटसनची रेषा निसर्गाने आखलेली नव्हती, हे उघड आहे. तिचे सारे सामर्थ्य तिच्या स्थैर्यात आहे, आणि ते स्थैर्य पाळणे हे मागल्या निरीक्षकांचे ऋण फेडणे होय, असे मी मानतो. आता अक्षांश-रेखांश अचूक मिळतात, मग सरहद्दीचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. दर्शनाच्या नोंदीस ते पुरेत. परंतु शंभर वर्षांपूर्वी ज्याने केवळ जिल्ह्याचे नाव लिहून ठेवले, त्याचा दाखला या आकड्यांत बसत नाही. म्हणून कोकणातील प्रत्येक नव्या यादीत हल्लीच्या जिल्ह्याशेजारी १८८० सालच्या जिल्ह्याचाही रकाना असावा, आणि गावाचे, खाडीचे, खडकाचे नाव त्याआधी लिहिले जावे.