दरडोई धूर आणि वारशाचें देणें

भिवंडीस जाणाऱ्या आमच्या वाचकांस तेथील दोन गोष्टी ठाऊक असतीलच. एक, गल्लोगल्लीं रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट. दुसरी, साइझिंगच्या कारखान्यांचीं धुराडीं. विणण्यापूर्वीं ताण्याच्या सुतास खळ लावून तें वाळवावें लागतें, आणि त्यासाठीं बॉयलरांत कोळसा अथवा लांकूड जाळून वाफ करितात. खुद्द माग विजेवर चालतात, म्हणून त्यांचा धूर तेथें दिसत नाहीं; तथापि महाराष्ट्रांतील बहुतेक वीज अद्यापि कोळशाचीच आहे, आणि तो धूर चंद्रपूर, कोराडी अशा दूरच्या ठिकाणीं निघतो.

काळा धूर डोळ्यांस झोंबतो, छातींत जातो आणि पावसानें खालीं बसतो. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्याच्या न दिसणाऱ्या सोबत्याविषयीं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूविषयीं. कोळशांतील १२ शेर कार्बन जळला असतां हवेंतील प्राणवायु त्यास मिळून ४४ शेर वायु होतो. हा वायु पृथ्वीची उष्णता घोंगडीप्रमाणें आंत धरून ठेवितो, आणि त्याचा बराच भाग शेंकडों वर्षें हवेंत राहतो. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ डोंगरावर त्याचें नियमित मापन सुरू झालें, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० हून अधिक आहे.

आतां प्रश्न असा कीं, हा भार कोणाच्या खातीं लिहावा? देश पाहून लिहिला तर चीन व अमेरिका यांच्या खालोखाल भारताचा क्रमांक तिसरा लागतो. माणसें मोजून लिहिला तर चित्र पालटतें. १९५० सालीं कोळसा, तेल इत्यादि जाळून आपल्या देशांत दर माणशीं वर्षास टनाचा पांचवा हिस्साहि वायु निघत नव्हता. १९९० सालीं तो सुमारें दोनतृतीयांश टन झाला, आणि २०२२ सालीं सुमारें २ टन. त्याच २०२२ सालीं अमेरिकेंत दर माणशीं सुमारें १५ टन निघाला, आणि साऱ्या जगाची सरासरी पावणेपांच टनांच्या आसपास होती. ब्रिटनचा आंकडा १९७० च्या सुमारास ११ टनांहून अधिक होता. तो आतां ५ टनांच्या खालीं उतरला आहे. १९९१ सालीं दिल्लीच्या अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं ह्या हिशेबाची बाजू जगापुढें मांडिली. गरिबाच्या भातशेतींतील वायु आणि श्रीमंताच्या मोटारींतील वायु एका मापानें मोजणें हा अन्याय होय, असें त्यांचें म्हणणें. ज्या प्रभूनें मंदिराच्या भांडारापाशीं बसून विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या, त्याच्या शिष्यांस हें समजावून सांगण्याची गरज नसावी.

परंतु धनवान देश म्हणतील, "जुना धूर आमच्या बापांनीं केला, आम्हीं नव्हे." ह्या उत्तरास पवित्र शास्त्राचा आधार दिसतो खरा. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायांत संदेष्टा आंबट द्राक्षांच्या म्हणीचा निषेध करितो, आणि पित्याच्या पापाचा दोष पुत्रास लावूं देत नाहीं. हें आम्ही शिरसामान्य करितों. तथापि दोष वेगळा आणि देणें वेगळें. मुंबई इलाख्यांत १८६६ सालीं एक कायदा झाला. त्यापूर्वीं बापाचें कर्ज, त्याच्या मागें कांहीं मिळकत उरो वा न उरो, हिंदु मुलाच्या मानेवर बसत असे. कायद्यानें ठरविलें कीं, वारसाच्या हातीं जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरताच तो कर्जास बांधलेला आहे. आमच्या मतें ह्या प्रश्नाचाहि न्याय हाच. ज्यांनीं कोळशाच्या बळावर उभारलेल्या गिरण्या, बंदरें आणि विद्यालयें वारशानें घेतलीं, त्यांस पापी म्हणूं नये. पण तेवढें देणें त्यांजकडे निघतें. (ह्या वारशाचा एक लहान वांटा आमच्याहि पदरीं आला आहे. गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत कित्येक मिशनरी येथें आगबोटींनींच आले, आणि १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास गेलेली आगगाडीहि वाफेचीच होती.)

येथवर निकाल आपल्या देशाच्या बाजूचा झाला, आणि पुष्कळ लोक येथेंच थांबतात. आम्हांस थांबतां येत नाहीं. दर माणशीं २ टन ही सरासरी आहे. ती कोणा एका माणसाची नव्हे. भिवंडींत बारा बारा तास मागावर उभा राहून मीटरावर मजुरी घेणारा, चारपांच सोबत्यांबरोबर एका खोलींत निजणारा कारागीर घ्या. त्याच्या वांट्यास किती येणार? आणि ज्यांच्या दारीं तीन मोटारी, घरांत दहा थंड खोल्या, आणि महिन्यास दोनदां विमानप्रवास, त्यांच्या वांट्यास किती? ह्या दुसऱ्यांचा धूर पहिल्यांच्या डोक्यांनीं भागिला म्हणजे २ टन निघतात. मग जगाच्या दरबारीं गरिबाचें दारिद्र्य धनवानाचा वकील होतें. नाथानानें दावीदास सांगितलेल्या गोष्टींत श्रीमंतानें गरिबाची एकुलती मेंढी घेतली. तिच्यानंतर त्यानें गरिबाच्या नांवानें दयेची याचना मात्र केली नव्हती.

कोणी विश्वासी भाऊ उपदेशकास विचारील कीं, मग माग चालविणें हें पाप आहे काय? उपदेशकानें निःसंकोच 'नाहीं' म्हणावें. तें कापड दुसरे लोक नेसतात, त्याचा नफा दुसरे घेतात, आणि पत्र्याच्या छपराखालील उन्हाळा मात्र तो स्वतः सोसतो.

२०२१ सालीं ग्लासगो येथील परिषदेंत भारत सरकारनें असें वचन दिलें कीं, २०७० सालापर्यंत देशाच्या वायूची निव्वळ भर शून्यावर आणूं. त्या वचनांत वर्ष लिहिलें आहे. खर्च कोणीं सोसावा हें लिहिलेलें नाहीं. साइझिंगचा मालक कोळशाचा बॉयलर काढून दुसरा बसवील, तेव्हां खळीचा दर वाढेल. खळीचा दर वाढला म्हणजे मागवाला तो व्यापाऱ्याकडून मागेल, आणि व्यापाऱ्यानें न दिल्यास मीटरामागें मजुरी कापील. आमच्या ज्या मंडळ्यांतील तरुण भिवंडीस कामाला आहेत, त्यांच्या पाळकांनीं व पंचांनीं ही मजुरीची चिठ्ठी दर महिन्यास मागून पाहावी.