प्रतिष्ठा कुळाची की कलेची?

चित्रपटाच्या व्यवसायाला प्रतिष्ठा कोणी मिळवून दिली, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. ते उत्तर श्रीमती दुर्गाबाई खोटे यांच्या नावाने दिले जाते. चांगल्या घरची, शिकलेली स्त्री पडद्यावर आली आणि त्यामुळे हा धंदा सभ्य झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. दुर्गाबाईंविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, आणि म्हणूनच हे उत्तर एकदा तपासून पाहावे असे आम्हांस वाटते. त्यात त्यांचा गौरव जेवढा दिसतो तेवढा नाही. इतर अनेकींचा अवमान मात्र दिसतो त्याहून अधिक आहे.

मागची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. ज्या गोदावरीच्या काठी आमचे मंचेरियल वसले आहे, त्याच गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला, तेव्हा तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना. कुलीन घरांतून मिळणार नव्हतीच. परंतु ज्या वस्त्यांकडे समाज तुच्छतेने पाहत असे, त्या वस्त्यांतूनही कोणी पुढे येईना. अखेर अण्णा साळुंके या तरुणाने तारामती उभी केली. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. त्याच सुमारास फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. ज्या काळी पुरुषाने लुगडे नेसणे शोभिवंत मानले जाई आणि स्त्रीने तोंडाला रंग लावणे लज्जास्पद मानले जाई, त्या काळी या मायलेकींनी ते धाडस केले. आज त्यांची नावे चित्रपटाच्या इतिहासाची पाने चाळणाऱ्यांखेरीज कितीजणांस ठाऊक आहेत?

एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मराठीतला पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. कथा तीच हरिश्चंद्राची. परंतु तारामती आता दुर्गाबाई खोटे होत्या आणि हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालचा. मूळच्या गोव्याच्या आणि घरात कोंकणी बोलणाऱ्या लाड कुटुंबात त्या वाढल्या. कॅथेड्रल हायस्कूल आणि सेंट झेवियर्स कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. संपन्न खोटे घराण्यात त्यांचा विवाह झाला. पुढे सासरची श्रीमंती ओसरली. पदरी दोन मुलगे होते आणि चरितार्थाचा प्रश्न दारात उभा होता. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. तो चित्रपट सुमार निघाला, आणि चित्रपटाच्या सुमारपणाचा दोष त्यांच्या माथी, त्यांच्या दोन्ही घराण्यांच्या नावाने, मारण्यात आला. त्यानंतर प्रभातचे बोलावणे आले आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. चित्रपट वाईट निघाला तेव्हा समाज म्हणाला, कुळाला बट्टा लागला. चित्रपट चांगला निघाला तेव्हा तोच समाज म्हणाला, कुळामुळे कला उजळली. दोन्ही वेळा कामाकडे कोणाचेही लक्ष नव्हते. दोष कुळाच्या खाती, श्रेयही कुळाच्या खाती. मग जिने तासन् तास दिव्यांच्या धगीत उभे राहून संवाद पाठ केले, तिच्या वाट्यास काय आले?

आणि काम तर केवढे! पाळलेला चित्ता बाळगणारी ‘माया मच्छिंद्र’मधील राणी, देवकी बोस यांची ‘सीता’, १९३६ सालच्या ‘अमर ज्योति’मध्ये अन्यायाविरुद्ध समुद्रावर बंड पुकारणारी सौदामिनी, ‘पायाची दासी’मधील सासू, आणि १९६० सालच्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये पती आणि पुत्र यांच्यामध्ये सापडलेली जोधाबाई. एका कंपनीच्या पगारावर बांधून राहण्याची रीत असताना त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांशी स्वतंत्र करार केले. १९३७ साली ‘साथी’च्या निमित्ताने त्या निर्मितीत उतरल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई साकारली. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ सालचे दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना लाभले. १९९१ साली त्यांचे निधन झाले. ही पन्नासहून अधिक वर्षांची मजुरी आहे. ‘मजुरी’ हा शब्द आम्ही आदराने वापरतो. तिचे वर्णन ‘चांगल्या घरची बाई’ या तीन शब्दांत उरकणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आता दुसरे उदाहरण घेऊ. रतन साळगावकर या मुलीच्या घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती. वयाची चौदा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, १९३६ साली, ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून ती हंसा वाडकर या नावाने पडद्यावर आली. तिलाही घर चालवावयाचे होते. तीच पुढे ‘संत सखू’ झाली, ‘लोकशाहीर रामजोशी’मधील बया झाली, आणि १९५९ साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये तिने सारा महाराष्ट्र वेडा केला, पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो चित्रपट दोन वर्षांहून अधिक चालला. १९७० साली त्याच नावाने तिचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले. आपल्या आयुष्यातील व्यसन, फसवणूक, घर मिळविण्याची धडपड आणि घर मोडण्याचे दुःख तिने काही न लपविता सांगितले. दुसऱ्याच वर्षी ती गेली.

दोघींच्या अभिनयाची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. दोघींनीही पोटासाठी काम स्वीकारले आणि ते पोटापुरते केले नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. परंतु एकीच्या बाबतीत आपण म्हणतो, तिने कलेला प्रतिष्ठा दिली. दुसरीच्या बाबतीत म्हणतो, कला तिच्या रक्तातच होती. या दुसऱ्या वाक्यात स्तुती दिसते, पण तीत एक डंख आहे. जे रक्तात असते त्याचे श्रेय कोणी देत नाही. मिळविले त्याचे मोल होते. वारशाने आले त्याचे काय कौतुक, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की, कुळाचा वारसा हा पहिलीच्या बाबतीत अलंकार ठरतो आणि दुसरीच्या बाबतीत डाग.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सुधारणेचे पहिले पाऊल ज्याला गमावण्यासारखे काही आहे त्यानेच टाकावे लागते, असे कोणी म्हणेल. दुर्गाबाई आल्या म्हणून मागाहून कित्येक घरांतील मुलींची वाट मोकळी झाली, हे नाकारता येईल काय? नाही, ते नाकारता येत नाही. लोक ओळखीच्या पावलांचा माग काढीत चालतात, आणि दुर्गाबाईंनी लोकनिंदेचा धोका पत्करला हे खरेच आहे. परंतु वाट मोकळी करणे निराळे आणि वाटेला मोल देणे निराळे. दार उघडणाऱ्याचे आभार मानावेत. पण त्यापूर्वी घरात राहणारे कोणी माणूसच नव्हते, असे मात्र समजू नये.

म्हणून प्रतिष्ठा आणि योग्यता या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. प्रतिष्ठा लोक देतात आणि लोकच काढून घेतात. ‘फरेबी जाल’ आणि ‘अयोध्येचा राजा’ यांमध्ये एका वर्षाचेच अंतर होते. योग्यता मात्र कामात असते आणि ती काम करणाऱ्याखेरीज कोणालाही कमी-अधिक करता येत नाही. दुर्गाबाईंचा खरा वारसा आम्हांस येथे दिसतो. घराण्याचे नाव त्यांना निंदेपासून वाचवू शकले नाही. त्यांना वाचविले ते पुढच्या कामाने.

हंसाबाईंच्या आत्मकथनावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ १९७७ साली आला. त्यात त्यांच्या जीवनावर बेतलेली नायिका साकारली स्मिता पाटील यांनी. मंत्रिपद भूषविलेल्या शिवाजीराव पाटलांच्या या कन्येस त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक त्यांनी गुणांनी मिळविले, यात शंका नाही. स्मिताबाईंनी हंसाबाईंचे दुःख उसने घेऊन मिरविले नाही. समजून घेऊन पुढे मांडले. एका कलावतीने दुसरीला दिलेला मान असा असतो. त्यात कूळ विचारले जात नाही.

तो मान आपल्याला, म्हणजे पाहणाऱ्यांना, केव्हा देता येईल? मुंबई-पुण्याप्रमाणेच आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांतूनही आज मुली नाचायला, गायला, नाटकात काम करावयास निघतात. त्यांचे आईबाप पुष्कळदा दुर्गाबाईंचे उदाहरण देऊन शेजाऱ्यांची समजूत घालतात : ‘पाहा, तीही चांगल्या घरचीच होती.’ हा आधार सोयीचा खरा, पण तो सर्वांच्या मुलींना पुरत नाही. ज्या मुलीच्या घराला सांगण्यासारखे नाव नाही, तिने कोणाचा दाखला द्यावा? तिला दुर्गाबाई आणि हंसाबाई या दोघींचा दाखला देता आला पाहिजे, आणि तो ऐकताना आपल्या कपाळावर आठी उमटता कामा नये. पडद्यावरची तारामती डोंबाच्या घाटावर उभी राहिली की आपण डोळे पुसतो. त्या वेळी ती भूमिका करणारीचे माहेर कोणते हे आपल्यातील एकालाही आठवत नाही. अंधाऱ्या थिएटरात आपल्याला जे सहज साधते, ते बाहेरच्या उजेडात साधावे, एवढेच या दोघींचे आपल्याकडे मागणे आहे.