दोष कुठे असतो?

पीण्या औद्योगिक क्षेत्रात सिलिंडर बोअर करून देणारी एक छोटी शेड आहे. गेल्या वर्षी तिच्या दाराशी, बाकावर बसलेल्या चार गिऱ्हाइकांदेखत, मी तिथल्या मिस्त्रींना कामचुकार म्हणालो. ते तसे नव्हते.

माझी गाडी यामाहा आरएक्स 100. भारतात 1985 ते 1996 या काळात बनलेली ही टू-स्ट्रोक मोटारसायकल बंगळूरमध्ये अजून हौसेने जपली जाते. रविवारी घरच्या गॅरेजमध्ये मी तिचं इंजिन खोलून बसतो. पिस्टन जाम झाला तेव्हा सिलिंडर घेऊन मी या शेडमध्ये आलो. आतले ओरखडे पाहून मिस्त्रींनी कन्नडमध्ये विचारलं, ‘‘याके जाम आय्तु?’’ का जाम झाला? मी म्हणालो, गाडी जुनी आहे, तुम्ही फक्त बोअर करून द्या.

50 मिलिमीटरचा बोअर त्यांनी पाव मिलिमीटरने वाढवून दिला. मी नवा पिस्टन बसवला, पहिले काही दिवस गाडी हळू चालवली. तरी महिन्याभरात पिस्टन पुन्हा अडकला. मग ते भांडण. मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम साफ केलं, गेज लावून बोअर वर, मध्ये आणि खाली मोजून दाखवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

घरी येऊन मी सिलिंडर तात्पुरता चढवला, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरकडची तोंडं बंद केली, क्रँककेसमध्ये थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटोच्या बाजूच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे आले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं. सील गळकं असलं की तिथून जादा हवा शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, उष्णता वाढते आणि पिस्टन फुगून अडकतो. ते सील मागच्या खेपेला मीच काढलं होतं आणि बरं दिसतंय म्हणून तेच परत बसवलं होतं.

नुकसान सिलिंडरमध्ये दिसलं, म्हणून सिलिंडरला शेवटचा हात लावणारा माझ्या दृष्टीने दोषी ठरला. घरात आणि कचेरीतही आपण बहुधा असाच न्याय करतो. मला कारण माहीत नव्हतं, हे खरं. पण ‘माहीत नव्हतं’ ही सबब मला वापरता येईल का? थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे लवकर उतरत नव्हते, हे माझ्या कानांनी ऐकलं होतं. शिवाय मला कारण विचारण्यात आलं होतं. उत्तर शोधायला एक रविवार गेला असता. तो वाचवण्यासाठी मी अज्ञान पत्करलं, तेव्हा त्या अज्ञानाची जबाबदारीही माझीच.

शिवाय कापलेलं लोखंड परत येत नाही. पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर: या सिलिंडरला एवढ्याच संधी असतात. त्यातली एक मी वाया घालवली होती, आणि माफी मागून बोअर लहान होणार नव्हता.

तरी पुढच्या शनिवारी गेलो. आरोप चारचौघांत केला होता, म्हणून बाकावर माणसं असतानाच चूक माझी होती असं सांगितलं. मिस्त्रींनी सिलिंडर हातात घेतला.

‘‘सील बदललं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दोन्ही बाजूंची.’’

‘‘मग करतो,’’ म्हणाले, आणि खडूने त्यावर 0.50 लिहिलं.