एका जहाजाचा जीर्णोद्धार

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल म्हणून एक बंदर आहे. तेथील एका जुन्या गोदींत ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें तीन डोलकाठ्यांचें लढाऊ जहाज आजहि पाण्यावर तरंगत आहे. हें जहाज मूळचें आपल्या मुंबईचें. जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी कारागिराच्या देखरेखीखालीं तें मलबारी सागाचें बांधलें गेलें आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनीं खडकीची लढाई झाली, आणि पुढील वर्षीं पेशवाई लयाला गेली. ज्या सत्तेसाठीं तें बांधलें गेलें तिचा अंमलहि १९४७ सालीं या देशांतून उठला. दोन्ही राज्यें इतिहासजमा झालीं, आणि सागाच्या फळ्या मात्र अद्याप पाण्यावर आहेत. लांकडासारखी नाशवंत वस्तु राज्यांहून अधिक कशी टिकली, आणि ती टिकविण्यांत कोणाचें काय साधलें, हा विचार मला पुष्कळ दिवस घोळवीत आला आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गांत मी दरवर्षीं विद्यार्थ्यांपुढें एक जुनें कोडें ठेवतों. थीसियस या वीराचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं कित्येक शतकें जपून ठेवलें होतें. जी फळी कुजे ती काढून तिच्या जागीं ते नवी भक्कम फळी बसवीत, असें प्लुटार्कनें लिहिलें आहे. अशा रीतीनें फळ्या बदलत गेल्यावर तें जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें, असा वाद त्या काळच्या पंडितांत माजला. पुढें सतराव्या शतकांत हॉब्जनें या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणीं जमवून त्याच क्रमानें पुन्हां जोडल्या, तर दोहोंपैकीं खरें जहाज कोणतें? आपल्याकडे याच जातीचा प्रश्न ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथांत रथाच्या दृष्टांतानें आलेला आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठें आहे, असें नागसेन मिलिंद राजाला विचारतो. आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरची ज्योत व शेवटच्या प्रहरची ज्योत या एकच नव्हत आणि अगदीं निराळ्याहि नव्हत, असा समन्वय सुचवितो.

विद्यार्थ्यांत या कोड्यावरून दरवर्षीं दोन तट पडतात. एक द्रव्याच्या बाजूचा, दुसरा आकाराच्या बाजूचा. एका वर्षीं मात्र मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, पण त्या फळ्या बदलीत कोण होतें?” वर्ग हंसला. मीहि हंसलों आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलों. आज मला वाटतें कीं, साऱ्या वर्गांत मर्माचा प्रश्न तोच होता.

कोड्यांतील जहाजाच्या फळ्या आपोआप कुजतात आणि आपोआप बदलतात. खऱ्या जहाजाची गोष्ट तशी नसते. लांकडी जहाजाचा वैरी समुद्र, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. समुद्रांतील किडे तळ पोखरतात हें खरें, आणि म्हणूनच पूर्वीं तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत. परंतु नांगरून पडलेल्या जहाजाचा मोठा घात पावसाचें गोडें पाणी करतें. तें डेकवरून झिरपून सांध्यांत मुरतें. तेथें वारा खेळत नाहीं. मग बुरशी धरते आणि लांकडाचा भुसा होतो. शिवाय जहाजाच्या फुगीर मध्यभागाला पाणी जास्त उचलून धरतें, दोन्ही निमुळतीं टोंकें आपल्या भारानें खालीं झुकतात, आणि कालांतरानें तळाचा कणा पोक आल्यासारखा वांकतो. ओकच्या लांकडांतील आम्लानें लोखंडी खिळे गंजतात. सागांत नैसर्गिक तेल असल्यामुळें तो या बाबतींत पुष्कळ सरस असतो. ‘ट्रिंकोमाली’ टिकण्याचें एक कारण हेंच आहे. पण सागहि अमर नव्हे. हा सर्व क्षय मुकाट्यानें चालतो, आणि ज्या दिवशीं तो सर्वांच्या डोळ्यांना दिसतो त्या दिवशीं बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून जहाज राखणें हा एखाद्या दिवसाचा पराक्रम नव्हे. तें संध्येसारखें नित्यकर्म आहे. त्यांत खंड पडला कीं पाप लागतेंच.

हें नित्यकर्म निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या रीतींनीं केलें आहे. स्कॉटलंडांत डंडी येथें ‘युनिकॉर्न’ नांवाचें ‘ट्रिंकोमाली’च्याच बनावटीचें जहाज आहे. तें १८२४ सालीं पाण्यांत सोडलें आणि लगेच त्यावर छप्पर घालून राखीव ठेवलें. त्याला आरमारांत असतां डोलकाठ्या अशा कधीं लागल्याच नाहींत. परिणाम असा झाला कीं त्याचें मूळ लांकूड फार मोठ्या प्रमाणांत शाबूत राहिलें. जें जहाज कधीं जहाजासारखें जगलेंच नाहीं, तें देहानें सर्वांत उत्तम उरलें! याच्या उलट उदाहरण अमेरिकेंत बोस्टन येथील ‘कॉन्स्टिट्यूशन’ या १७९७ सालच्या जहाजाचें. ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे घेऊन निघालेलें ‘जाव्हा’ नांवाचें जहाज १८१२ सालीं याच ‘कॉन्स्टिट्यूशन’नें पकडलें होतें, आणि मुंबईस ते नकाशे दुसऱ्यांदां पाठवावे लागले होते. त्या ‘कॉन्स्टिट्यूशन’मध्यें मूळचें लांकूड आज फारच थोडें आहे. परंतु १९९७ सालीं, दोनशें वर्षांचें झाल्यावर, तें पुन्हां स्वतःच्या शिडांवर चाललें. आणि त्याच्या दुरुस्तीसाठीं अमेरिकेच्या आरमारानें इंडियाना प्रांतांत ओकची झाडें राखून ठेवलेलीं आहेत. जी फळी अजून कुजलेली नाहीं तिच्या जागीं बसणारें झाड आज जमिनींत उभें आहे. इतक्या लांबवरचा विचार जेथें आहे, तेथें द्रव्य तेंच कीं दुसरें हा वाद मला गौण वाटूं लागतो.

आतां एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. जिवंत माणसांना निवारा नसतां मेलेल्या जहाजावर पैसा कां ओतावा? याचें सर्वांत कठोर उत्तर इंग्लंडनेंच एकदां दिलें आहे. पोर्ट्समथच्या बंदरांत ‘ट्रिंकोमाली’च्या जोडीनें ‘इम्प्लॅकेबल’ नांवाचें जहाज मुलांच्या नौकाशिक्षणासाठीं वापरलें जाई. तें फ्रेंचांनीं बांधलेलें, ट्रॅफल्गारला फ्रेंचांच्या बाजूनें लढलेलें आणि त्याच वर्षीं, १८०५ सालीं, इंग्रजांच्या हातीं पडलेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर देशांत शिधावाटप चालू असतां त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणासच झेपेना. तेव्हां २ डिसेंबर १९४९ रोजीं तें भर समुद्रांत ओढून नेलें, त्यावर फ्रान्स व इंग्लंड या दोन्ही राष्ट्रांचीं निशाणें फडकविलीं, आणि सुरुंग लावून तें बुडविलें. त्याचा कोरीव पिछाडीचा भाग तेवढा ग्रीनिचच्या संग्रहालयांत राहिला. पुढें कित्येकांना या कृत्याचा पश्चात्ताप झाला, आणि जुनीं जहाजें वांचविण्याच्या चळवळीला त्यांतूनच जोर आला.

मी त्या लोकांना दोष देऊं शकत नाहीं. त्यांनीं खर्च मोजला, भुकेलीं तोंडें मोजलीं, निर्णय घेतला आणि त्याची जबाबदारी उघड्यावर स्वीकारली. ज्या वस्तूला आपण राखूं शकत नाहीं तिला मानानें निरोप देणें हीहि एक प्रकारची निष्ठाच आहे. भग्न मूर्तीचें विसर्जन करण्याची आज्ञा देणाऱ्या आपल्या शास्त्रकारांना हें ठाऊक होतें. माझी तक्रार निरोपाविरुद्ध नाहीं; ती न घेतलेल्या निर्णयाविरुद्ध आहे. आपल्याकडे वस्तु बुडविल्या जात नाहींत, त्या कुजूं दिल्या जातात; आणि कुजून गेल्यावर आपण म्हणतों, “जें उपजलें तें नासणारच.” वैराग्याचें हें वचन ज्यानें आयुष्यभर राखण केली त्याच्या तोंडीं शोभतें. ज्यानें कधीं गळकें कौलहि परतलें नाहीं त्याच्या तोंडीं तें आळसाचें पांघरूण होतें.

‘ट्रिंकोमाली’चें नशीब वेगळें निघालें. तेंहि १८९७ सालीं मोडींत निघालें होतें. जेफ्री व्हीटली कॉब नांवाच्या एका गृहस्थानें तें विकत घेऊन त्याला दुसरें नांव दिलें, आणि मुलांना नौकानयन शिकविण्याच्या कामीं तें १९८६ पर्यंत आलें. १९८७ सालीं तें हार्टलपूलला नेलें. तेथें सुतारांनीं, लोहारांनीं व दोर वळणाऱ्यांनीं वर्षानुवर्षें खपून २००१ सालीं त्याचा जीर्णोद्धार पुरा केला आणि त्याला मूळचें नांव परत मिळालें. मुंबईच्या सागापैकीं निम्म्याहून अधिक साग त्यांत आजहि आहे. मला कोणी विचारलें कीं हें जहाज कोणाचें, तर मी अभिमान बाजूस ठेवून सांगेन कीं, बांधलें मुंबईनें, पण आज तें हार्टलपूलकरांचें आहे; कारण फळ्या ते बदलतात. वारसा हा रक्तानें मिळत असेल, परंतु तो कमावावा लागतो हातानें.

या दृष्टीनें पाहतां नवनिर्मिति व जीर्णोद्धार यांत वैर नाहीं, फरक मात्र आहे आणि तो लपवितां कामा नये. २०२५ सालीं भारतीय नौदलांत ‘कौंडिण्य’ नांवाची नौका दाखल झाली. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकांतील एका चित्रावरून तिचा आकार घेतला आणि तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून जोडल्या. तिच्यांत जुनें असें एकहि लांकूड नाहीं, आणि तसा तिचा दावाहि नाहीं. म्हणूनच ती खरी आहे. शिवाय तिच्यामुळें फळ्या शिवण्याची विद्या कांहीं हातांत जिवंत राहिली. खोटेपणा सुरू होतो तो नव्याला जुनें म्हणून मिरविण्यांत, किंवा जुनें धड असतां तें कुजलें म्हणून सांगण्यांत.

या शेवटल्या वाक्यानें मी मलाच गोंवून घेतों. कोंकणांतील आमच्या गांवीं देवळाला बारा सागवानी खांबांचा सभामंडप होता. कांहीं वर्षांपूर्वीं खांबांना वाळवी लागल्याची बातमी आली. बैठक भरली, सर्व खांब सडले आहेत, सिमेंटचा मंडप घालावा, असें ठरलें. मी पुण्याहून गेलों होतों, मला संध्याकाळची गाडी गांठावयाची होती. मीं मान डोलाविली, वर्गणी दिली, आणि ‘जीर्णोद्धार’ या अक्षरांखालीं संगमरवरी पाटीवर इतरांबरोबर माझें नांव कोरलें गेलें. पुढच्या वर्षीं गांवांतील वृद्ध सुतार भेटले. ते म्हणाले, “भाऊ, बारांतले तीनच किडले होते. खालचा हात-दीड हात कापून नवें लांकूड सांधलें असतें, तरी आणखी शंभर वर्षें बघायला नको होतें.” मीं विचारलें, “आबा, मग तुम्ही तेव्हां बोललां कां नाहींत?” ते म्हणाले, “विचारलें कोणीं?”

थीसियसच्या जहाजाचें कोडें मी तीस वर्षें शिकवीत आलों, आणि प्रत्यक्ष फळी बदलण्याची वेळ आली तेव्हां फळी बदलणाऱ्याला एक शब्द विचारण्याचें मला सुचलें नाहीं. खांब आतां परत येणार नाहींत. पण यंदां गांवीं जाईन तेव्हां पंचांना विनंति करणार आहें कीं त्या पाटीखालीं एक ओळ वाढवूं द्या, खर्च माझा: ‘येथें पूर्वीं बारा सागवानी खांब होते. त्यांपैकीं नऊ धड होते.’