फुलामागचा काळोख

जयपूरच्या जयनिवास बागेत भर दुपारी झेंडूचे फूल उन्हात असावे आणि त्याच्यामागे बऱ्याच अंतरावर एखाद्या कमानीतली गडद सावली असावी, एवढ्यावर काळ्या पार्श्वभूमीचा फोटो मिळतो. एक्सपोजर उजळ पाकळ्यांना बेताचे ठेवले की सावलीतून येणारा तुटपुंजा उजेड कॅमेऱ्यात नोंदलाच जात नाही. डोळ्यांना जिथे भिंत, जाळी, जाणारी-येणारी माणसे दिसत होती, तिथे फोटोत नुसता काळोख येतो. हा काळोख खरा म्हणावा की रचलेला खोटेपणा? तो खरा आहे, पण एका मर्यादेपर्यंत, असे मला वाटते. आणि ती मर्यादा ठरवायला आपल्या दर्शनांतला एक जुना वाद कामी येतो.

तम हे स्वतंत्र द्रव्य आहे की प्रकाशाचा अभाव, हा तो वाद. भाट्ट मीमांसक म्हणत की काळोखाला काळा रंग आहे, तो सरकताना दिसतो, म्हणून ते द्रव्यच. न्याय-वैशेषिकांनी हे मानले नाही. द्रव्ये नऊच, आणि रंग असलेली कोणतीही वस्तू पाहायला उजेड लागतो. काळोख मात्र उजेड नसतानाच दिसतो, असे उत्तर अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’वरच्या स्वतःच्या ‘दीपिका’ टीकेत दिले आहे. कॅमेरा या पक्षाच्या बाजूने साक्ष देतो. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (राज्यकाळ १८३५ ते १८८०) स्वतः छायाचित्रकार होते आणि काचेवर ओल्या कलोडियनने फोटो काढत. त्या पद्धतीत जिथे उजेड पोचला नाही तिथे चांदी साठत नाही. धुतल्यावर ती जागा कोरी काच राहते. काळोखाची नोंद म्हणजे तिथे काहीच न नोंदले जाणे. यावर चतुर मीमांसक म्हणेल, की त्याच काचेखाली चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद धरून उन्हात ठेवला तर कोऱ्या जागेतून सर्वांत जास्त ऊन आत शिरते आणि कागद तिथेच सर्वांत काळा होतो. म्हणजे छापील चित्रातला काळोख उन्हानेच घडवलेला, चांदीचा, हाताला लागणारा! आक्षेप भक्कम आहे. पण कागदावरची चांदी द्रव्य आहे म्हणून ती ज्याची खूण आहे तेही द्रव्य ठरत नाही. शून्याचा आकडा लिहायलाही शाई लागतेच.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो: फूल माती, पान, मधमाशी यांच्या नात्यात जगते आणि हा फोटो ते नाते तोडतो. इथेही नैयायिकांचाच आधार घेता येतो. त्यांच्या मते अभाव कधी मोघम नसतो. तो कशाचा तरी आणि कुठे तरी असतो. फुलामागे बाग दिसत नाही, एवढेच हा फोटो सांगतो. बाग नव्हतीच, असे तो सांगत नाही. एका वस्तूकडे लक्ष देण्यासाठी बाकीचे बाजूला ठेवणे म्हणजे त्यांचे अस्तित्व नाकारणे नव्हे. मात्र एखाद्या वनस्पतीचा अधिवास दाखवण्यासाठी असा फोटो वापरला, तर ती दिशाभूलच.

त्याच बागेत गोविंददेवजींचे मंदिर आहे, आणि तिथला भक्त तिसरा आक्षेप घेईल: श्यामवर्ण मूर्तीवरचा शुभ्र हार हेही काळ्यावरचे फूलच, मग देवाचा श्यामवर्ण म्हणजे अभाव काय? अजिबात नाही, आणि मी म्हणतो ती मर्यादा इथेच आहे. मूर्तीचा काळा हा पाषाणाचा रंग आहे. उजेड पडला की त्यात नाक, ओठ, बोटे उमटतात. पंढरपूरच्या विठ्ठलाचेही तेच. हाराच्या पांढऱ्यावर एक्सपोजर ठेवून देवाचा चेहरा काळोखात बुडवणारा फोटो, जे समोर आहे ते नाही असे दाखवतो. बागेतल्या फुलामागे हवा तेवढा काळोख घ्यावा. श्यामवर्ण देवासमोर मात्र फोटो काढणाऱ्याने एक्सपोजर मूर्तीच्या चेहऱ्यावरच ठेवावे, मग हाराच्या पाकळ्या थोड्या जळाल्या तरी चालतील.